नाव घाल, तारीख घाल

प्रिय मुली,

परवा निघताना, चपला घालता घालता तू विचारलंस, "मॅडम, मी नेमकी कोण म्हणून लोकांसमोर जाऊ?" लिफ्ट आली होती, तुला ठाण्याची गाडी गाठायची होती, आणि मी "बघू, बोलू" म्हणून दार लावून घेतलं. खरं तर मला राग आला होता. 'पर्सनल ब्रँड' शिकवणाऱ्या ज्या वर्गाला तू नऊ हजार रुपये भरलेस त्या वर्गाचा आला, थोडा तुझाही आला, आणि उरलेला कोणाचा होता ते कळायला दोन रात्री गेल्या. म्हणून हे पत्र. फोनवर हे सांगता आलं नसतं. तू मध्येच "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिली असतीस आणि मी विषय बदलला असता.

वर्गात भरायला दिलेली तुझी ती वही मी चाळली. तीन रंग ठरवा, तीन विषय ठरवा, रोज ठरलेल्या वेळी काहीतरी टाका, हातात ब्रश धरून चेहरा दिसेल असा फोटो काढा. पर्सनल ब्रँड म्हणे असा उभा राहतो. आणि 'तुमची ओळख एका ओळीत' या रकान्यात तू पाच वेळा लिहून पाच वेळा खोडलं आहेस. कॅलिग्राफर. लेटरिंग आर्टिस्ट. टाइप डिझायनर. व्हिज्युअल स्टोरीटेलर. शेवटी नुसतंच 'अक्षरांवर प्रेम करणारी'. त्या पाच खाडाखोडी बघून मला गलबलून आलं. पंचविसाव्या वर्षी इतकं खोडायची वेळ तुझ्यावर यायला नको होती.

तुझा हात चांगला आहे हे मी इथे लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे. तुझा 'ळ' बघून मी दोन मिनिटं गप्प बसले होते, तेवढं पुरे.

पण मग तू फोन पुढे केलास आणि एकेक दाखवायला लागलीस. पावसाच्या ओळी, अभंगाच्या ओळी, आईवरची ओळ, सोनेरी शाई, काळा कागद. मी विचारत गेले, हे कशासाठी केलंस? "पोस्टसाठी." आणि हे? "पोस्टसाठी." दोनशेच्या वर कामं, आणि सगळ्यांचं कारण एकच. मध्ये दोन गोष्टी तू घाईघाईने अंगठ्याने वर ढकलल्यास. एक होती चिपळूणच्या तुमच्या दुकानाची पाटी, पुरानंतर तू रंगवलेली. "हे असंच आहे," म्हणालीस. दुसरी, त्या बँकेच्या अॅपमधला 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द. "हे ऑफिसचं आहे, माझं असं नाही." मी तुला थांबवलं नाही, ती माझी चूक. त्या दोनच गोष्टींसाठी हे एवढं लांबलचक पत्र लिहिते आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच. केलेल्या प्रत्येक कामावर नाव घाल, तारीख घाल, आणि ते कशासाठी केलं, काय अडलं, कसं सोडवलं हे चार ओळींत लिहून ठेव. रोज जगाला दाखव असं मी म्हणत नाही. लिहून ठेव म्हणते आहे. दाखवायचं काय आणि कोणाला, ते नंतर आपोआप ठरतं. आधी नोंद.

का, ते सांगते.

मी १९८३ साली जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडले आणि फोर्टमधल्या एका जाहिरात कंपनीच्या स्टुडिओत लागले. तेव्हा मराठी जाहिरातीचा मथळा बहुतेक हातानेच काढावा लागे. छापखान्यातला जुळारी जुळवून देईल ते टाइप मोजके, आणि ते मोठे केले की कडा फाटलेल्या दिसायच्या. मग आयव्हरी बोर्डवर दुप्पट आकारात अक्षर काढायचं, शून्य नंबरच्या ब्रशने कडा साफ करायच्या, चुकलं तिथे पांढरा लावायचा, आणि ते कॅमेऱ्याखाली जाऊन लहान होऊन ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, यायचं. साबण, बिस्किटं, बँका, औषधं. संध्याकाळी सहानंतर नाटकांच्या जाहिराती. रविवारच्या पेपरात आपलं अक्षर दोन कॉलम रुंद छापून आलं की मी तो पेपर आठवडाभर घडी न मोडता ठेवायची. घरात कुणाला दाखवायचंही नाही, नुसतं ठेवायचं.

आर्टवर्कच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का बसायचा. त्यात जॉब नंबर, क्लायंटचं नाव आणि तारीख एवढेच रकाने. काढलं कोणी, याला त्या शिक्क्यात जागाच नव्हती. त्या रिकाम्या कोपऱ्यात पेन्सिलने स्वतःचं नाव लिहायला मला कोणी बंदी केली नव्हती. बावीस वर्षांत मी ते एकदाही लिहिलं नाही.

जे परत मिळायचं ते मी घरी आणायची. कलिन्याला तळमजल्यावर दोन खोल्या होत्या, कॉटखाली प्लायवूडची एक पेटी होती. ट्रेसिंग, नापसंत झालेले नमुने, मूळ बोर्ड, सगळं त्यात. २६ जुलै २००५ ला काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, आणि त्याच पावसात तुमचं चिपळूणही बुडालं होतं. मी रात्रभर ऑफिसात अडकले. दुसऱ्या दिवशी चालत घरी पोचले तेव्हा भिंतीवर छातीएवढी ओल होती. पेटी उघडली तर आत विटेसारखा एक लगदा. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो, इंडियन इंक विरघळत नाही. त्यामुळे लगद्याच्या कडेला कुठे कुठे काळी शिरोरेषा तेवढी दिसत होती, खाली अक्षर नाही. ती मी सुटी करायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तू पाणी पाहिलं आहेस. २२ जुलै २०२१ ला तुमच्या दुकानात किती चढलं होतं ते तू मला भिंतीला हात लावून दाखवलं होतंस. म्हणून तुला हेही कळेल की दोष पाण्याचा नाही. पाण्याने कागद नेले. माझं नाव त्या कागदांवर आधीही नव्हतंच.

पुढे तीन-चार वर्षांनी नाटकांच्या जाहिरातींचं एक छोटं प्रदर्शन भरलं. मी बघायला गेले. १९९१ साली मी काढलेलं एका नाटकाचं शीर्षक तिथे टांगलेलं होतं आणि खाली चिठ्ठीवर दुसऱ्याच कलाकाराचं नाव. ते गृहस्थ तेव्हा हयात नव्हते. त्यांनी तो दावा कधी केलाही नव्हता. वळण सारखं वाटलं म्हणून कोणीतरी अंदाजाने लिहिलं होतं, एवढंच. मी मांडणी करणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, काही आहे का? मूळ चित्र, पावती, एखादं पत्र, फोटो?" माझ्याकडे काहीच नव्हतं. पावती कुठली, दीडशे रुपये पाकिटात मिळाले होते. तो मुलगा चुकला नाही. पुरावा मागणं बरोबरच होतं. मी "राहू दे" म्हणाले आणि घरी आले, आणि त्या 'राहू दे'चा मला आजही त्रास होतो.

तू म्हणशील, तेव्हाच ठणकावून नाव मागायचं होतं. आज हे म्हणणं सोपं आहे. अकरा जणांच्या त्या स्टुडिओत मी एकटी बाई होते. मुलगी दोन वर्षांची, सासूबाईंच्या भरवशावर. नाव मागणाऱ्याला तेव्हा 'डोक्यात हवा गेली' म्हणत, आणि बाईला त्याहून वाईट काही म्हणत. वर आपल्या घरांतली शिकवण अशी की काम करावं, गाजावाजा करू नये, आपलं काम आपल्याविषयी बोलेल. मी ते मनापासून मानलं. मी भित्री नव्हते. रात्री अकराच्या गाडीने एकटी परत येणारी बाई भित्री नसते. मला खरोखरच वाटत होतं की नाव मागणं हलकं आहे. आणि हे लिहिताना मला कळतं आहे की गेली काही वर्षं मी हेच स्वतःला सांगत आले. पण पाठीमागच्या कोपऱ्यात पेन्सिलने नाव लिहायला काय लागलं असतं? तिथे कोण मला चढेल म्हणणार होतं? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

काम आपल्याविषयी बोलतं हे अर्धंच खरं आहे. आपल्याच क्षेत्रात बघ. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचं नाव पोथ्या-पंचांगं वाचणाऱ्या घराघरांत होतं. ज्या टाइपांमुळे ते झालं, त्यांचे पंच, म्हणजे मूळ पोलादी ठसे, कोरणारे राणोजी रावजी आरू कितींना ठाऊक आहेत? आणि आपल्याला तरी का ठाऊक आहेत? कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून. पोलादावर उलटं अक्षर कोरणारा तो हात किती मोठा असेल, पण लिहिणारा भेटला नसता तर आज नावही उरलं नसतं. कमल शेडगे यांचं नाटकाचं शीर्षक लोक सही नसताना ओळखायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तेही त्यावर विसंबून राहिले नाहीत. आपल्या अक्षरांची पुस्तकं करून ठेवली त्यांनी, म्हणून २०२० मध्ये ते गेले तरी तुझ्यासारखीला त्यांचं काम हातात घेऊन बघता येतं. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट तर तू-मी सगळ्यांनीच वापरला आहे. तो र. कृ. जोशी यांचा आहे हे किती जण सांगतील? जे सांगतील ते बहुतेक त्यांचे विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी असतील, कारण मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, आपण काय करतो ते बोलून दाखवलं, लिहिलं. अक्षर कोट्यवधी पडद्यांवर गेलं तरी नाव आपोआप त्याच्यामागून जात नाही. ते बांधावं लागतं.

म्हणून नाव घाल, तारीख घाल.

आता त्या 'शेतकऱ्यांसाठी'कडे येऊ. तू म्हणालीस ते ऑफिसचं आहे. बाई गं, तू काय केलंस ते तुला तरी कळलं आहे का? कर्जाच्या पानावर तो शब्द मोडून दिसत होता. 'ऱ' वेगळा, त्याला खाली हलन्त लोंबकळतोय, पुढे 'यां'. ज्याच्यासाठी ते पान होतं त्या माणसाचंच नाव त्याला धड वाचता येत नव्हतं. हिंदीवाल्याला हे कळणार नाही, त्याला या अर्ध्या र-ची गरजच पडत नाही. आपल्याला 'दर्या' वेगळा आणि 'दऱ्या' वेगळ्या, 'आचार्यांना' नमस्कार वेगळा आणि 'आचाऱ्यांना' मजुरी वेगळी. तू त्या फाँटमध्ये तो आडवा र काढलास, जोडणीचा नियम लिहिलास, वर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे करून घेतलेस, पाकळीचा आणि देठाचा, २००९ च्या शासन निर्णयात आहेत तसे. तीन दिवस लागले म्हणालीस. आणि पोस्ट काय टाकलीस त्या आठवड्यात? चाफ्यावरची ओळ.

चाफा सुंदर होता. पण मला कोणी विचारलं की मराठी मजकूर छोट्या पडद्यावर मोडतोय, कोणाला बोलावू, तर चाफा बघून मी तुझं नाव कसं सांगू? अडतीस हजार लोक तुझ्या मागे आहेत. त्यातल्या सात जणांनी कामाचं विचारलं, आणि सातातल्या पाचांना लग्नपत्रिकेवरची नावं फुकट हवी होती, हे तूच सांगितलंस. ते लोक वाईट नाहीत. त्यांनी तुझं जे पाहिलं तेच मागितलं. तू जे सोडवतेस ते त्यांना कधी दिसलंच नाही.

त्या कामाची नोंद तुझ्याकडे आहे का? आधी कसं दिसत होतं त्याचा फोटो? तारीख? ज्या मुलाने ते अॅपमध्ये बसवलं त्याचं नाव? नसणार. आजच्या आज लिही. आठवतंय तोवर लिही. सहा महिन्यांनी 'काहीतरी र-चं होतं' एवढंच उरेल, मी शपथेवर सांगते.

ऑफिसचं आहे म्हणून भिऊ नकोस, पण नीट समजून घे. नोकरीत केलेल्या कामाची मालकी, करारात वेगळं काही नसेल तर, मालकाची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. ते काम तू परस्पर विकू शकत नाहीस, आणि गुप्ततेवर सही केली असशील तर दाखवूही शकत नाहीस. मात्र त्याच कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क दुसऱ्याकडे गेले तरी हे मी केलं आहे असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क शाबूत राहतो. आपल्यासारख्या कामाला ते कुठे आणि कसं लागू पडतं ते एखाद्या वकिलाकडून एकदा समजून घे, मी कायदा शिकलेली नाही. पण स्वतःच्या घरच्या वहीत आपण काय केलं याची साधी नोंद करायला सहसा करार आड येत नाही. आणि बाहेरचं काम घेशील तेव्हा रकमेच्या खालीच एक ओळ घाल, अक्षररचनेचं श्रेय अमुक ठिकाणी छापलं जाईल. मागताना घसा कोरडा पडेल. तरी माग. नाही म्हणाले तर नाही म्हणाले, ती तारीखही लिहून ठेव.

आणखी एक. प्रत्येक फाँटच्या फाईलमध्ये नावांचा तक्ता असतो, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यातला नववा क्रमांक डिझायनरच्या नावासाठी आहे. तुमच्या त्या फाईलमध्ये तिथे काय लिहिलं आहे? उद्या जाऊन बघ. रिकामं असेल तर साहेबांना सांग की तिथे आपल्या चौघांची नावं घालू या. फक्त तुझं नाही, चौघांची. दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्याला स्वतःचं नाव मागायला संकोच कमी वाटतो, हा माझा उशिरा आलेला अनुभव आहे.

त्या पुरानंतर मी वही धरली. साधी लांब हिशेबाची वही, दुकानात मिळते ती. आज अकरावी चालू आहे. तुला एक नोंद जशीच्या तशी उतरवून देते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

"१४ मार्च २०१२. गोळ्यांच्या पट्टीवरचं मराठी नाव. अक्षराची उंची ३ मिमी. फॉइलवर शाई पसरते, त्यामुळे 'ध' आणि 'घ' एकच दिसतात. 'ध'ची सुरुवातीची गाठ मोठी केली, तिथली शिरोरेषा जास्त तोडली. 'भ'चंही तसंच. पहिले दोन नमुने नापसंत, कारण पांढरी जागा बुजली. छपाई बघणाऱ्या मुकादमाने सुचवलं की आतली पोकळी कागदावर वाटते त्याच्या दीडपट ठेवा, ते बरोबर निघालं. जेवायला विसरले."

शेवटचे दोन शब्द बघ. मी ते ठरवून लिहिले नव्हते. पण पहिली वही भरल्यावर मी ती सुरुवातीपासून वाचली, आणि मला एक गोष्ट दिसली जी बावीस वर्षं दिसली नव्हती. 'जेवायला विसरले', 'रात्री उठून पुन्हा पाहिलं' असं जिथे जिथे लिहिलं होतं ती सगळी कामं बारीक अक्षराची होती. औषधाच्या पट्ट्या, रेशनचे फॉर्म, विजेच्या बिलाचा मजकूर. नाटकाच्या शीर्षकांपुढे कुठेच तसं काही नव्हतं. तिथे होतं, 'दिलं एकदाचं'. आणि मी तोवर स्वतःला काय समजत होते? नाटकांची. लोकांत सांगताना नाटकंच सांगायची, कारण त्यात मान होता.

हे मला १९९० साली कळलं असतं तर! १९९६ मध्ये पुण्याच्या एका संस्थेतून विचारणा आली होती, संगणकासाठी मराठी टाइप बनवण्याच्या कामाला या म्हणून. बारीक अक्षर, वाचनाचा टाइप, अगदी माझंच काम. मी नाही म्हणाले. सगळ्यांना सांगितलं की मुलीची शाळा आहे, यांची बदली होणार नाही, पुण्यात घर कुठे बघायचं. ते सगळं खरंही होतं. पण त्याखाली खरं कारण हे होतं की मी तर नाटकांची, ते रुक्ष काम माझं नाही, असं मला वाटत होतं. स्वतःविषयीची एक ओळ मी मनात धरून बसले होते आणि ती तपासायला माझ्याकडे एकही नोंद नव्हती. तू त्या वहीत पाच वेळा जी ओळ खोडलीस ना, तशी. फरक एवढाच की तू खोडलीस, मी घट्ट धरून ठेवली.

म्हणून ती ओळ आता लिहूच नकोस. तो रकाना रिकामा राहू दे. वर्षभर नोंदी कर आणि मग बस वाचायला. कुठल्या कामाला भूक विसरलीस, कुठलं काम तीन दिवस टाळत होतीस, कोणत्या कामाला लोक परत आले, ते तिथे लिहिलेलं असेल. तू कोण आहेस ते तुझी वही तुला सांगेल, आणि तू जे सांगशील ते लोक मग पडताळून पाहू शकतील. समाधानाचं काम शोधायला बाकीचे लोक कुठे कुठे फिरतात. मी बारा वर्षं फिरले असते तरी मला विजेच्या बिलापाशी कोणी नेऊन सोडलं नसतं.

आणि वही नुसती स्वतःपुरती राहत नाही. २०१४ मध्ये देवनागरी टाइप बनवणारी तीन-चार मुलं घरी आली. त्या मुकादमाने माझं नाव दिलं होतं, 'ध'वाली बाई म्हणून. मी त्यांना दोन तास वह्या वाचून दाखवल्या. ना संकेतस्थळ, ना फोटो, चेहऱ्याला पावडरही नव्हती. पुढची दोन वर्षं मी त्यांच्या अक्षरांची तपासणी केली, रीतसर मानधन घेऊन, त्रेपन्नाव्या वर्षी. आयुष्यातलं सगळ्यात आवडतं काम मला तेव्हा मिळालं. ते वळण माझ्या हातात होतं हे खरं, पण त्यांनी मला का घेतलं? कारण 'असं का केलं' या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे तारखेनिशी उत्तर होतं.

पोस्ट बंद कर असं मी म्हणत नाही, नाहीतर तू घरी जाऊन सगळं पुसून टाकशील आणि मला पुन्हा अपराधी वाटेल. पावसाच्या ओळी लिहाव्याशा वाटल्या तर लिही, हात चालता राहतो. पण रोज नको. महिन्याला एक काम दाखव, जे कुणाच्या तरी उपयोगाला आलं आहे असं. आधी कसं होतं, काय अडलं, कोणते नमुने फेटाळले, सोबत कोण होतं. फेटाळलेले नमुने नक्की दाखव. त्यात लाज नाही, उलट जाणकार आधी तेच बघतो. आकडा घसरेल. अडतीसचे तीस हजार होतील कदाचित. होऊ देत. तू मला विचारायला आलीस तेव्हा तुझ्याकडे अडतीस होतेच की, आणि तरी तू दारात उभी राहून ते विचारलंस.

हे सगळं मी जरा रागाने लिहिलं आहे, पुन्हा वाचताना जाणवतं आहे. कमी करत नाही. माझ्या मुलीला मी हे सांगू शकले नाही, ती दुसऱ्याच क्षेत्रात गेली. स्टुडिओतल्या मुलांना सांगायचं तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं. तुझ्या हाताला वळण आहे, तू पूर पाहिला आहेस, आणि तरी तू तुझी कामं कोऱ्या पाठीने ठेवतेस, हे मला बघवत नाही.

पुढच्या रविवारी ये. दुपारी ये, जेवायलाच ये. येताना त्या दुकानाच्या पाटीचा मोठा फोटो छापून आण, फोनवर नको. तू ती घाईत ढकललीस तरी मी दोन गोष्टी पाहिल्या. पत्र्याला वर जागा नव्हती म्हणून 'हार्डवेअर'चा रफार तू शिरोरेषेतच वळवून घेतला आहेस, आणि तो कुठे आखडलेला दिसत नाही. दुसरं, पाटी शटरच्या बरीच वर आहे, एवढ्या उंचीवर सहसा कोणी लावत नाही. ती पुराच्या खुणेच्या वर लावायची असं बाबांनी ठरवलं की तू? रंग कोणता वापरलास, खाली प्रायमर होता का, शिडी कोणी धरली होती? कुठल्या तारखेला लावली ते बाबांना फोन करून विचार, त्यांना नक्की आठवत असेल. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलने सगळं लिहून आण. पहिली ओळ तुझ्या नावाची.

तुझी,
मॅडम